अठरा पायऱ्या खाली राहणारा मित्र

"बाबांचे पाय गेलेत हो, एकदा येऊन बघाल का?" असा मुलीचा फोन आला आणि मी पाय बघायलाच गेले होते. पुढच्या साडेआठ महिन्यांत जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण या केसमध्ये मी आधी जे केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं तरी टिकलं नाही, आणि नंतर जे टिकलं त्यात माझ्या व्यायामाचा वाटा किती ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन वयस्कर पेशंट बघते. काकांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काका ७७ वर्षांचे, दुसऱ्या मजल्यावर राहतात, बिल्डिंगला लिफ्ट नाही. काकू जाऊन पावणेदोन वर्षं झालेली. मुलगी एकुलती एक, ती लांब राहते. मी गेले त्याच्या सात महिने आधी काका रात्री बाथरूमला जायला उठले आणि पडले, हाड मोडलं नाही पण खांद्याला आणि कमरेला चांगलाच मुका मार बसला आणि तीन आठवडे जवळजवळ पडूनच होते. त्यानंतर मुलीने लांबून जे जे करता येईल ते सगळं केलं. सामान घरपोच, औषधं घरपोच, बिलं तीच भरायची, सकाळ-संध्याकाळ कामाला येणाऱ्या ताई, आणि रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. काकांना खुर्चीतून उठायला लागू नये हाच सगळ्या व्यवस्थेचा हेतू होता आणि ती व्यवस्था अगदी चोख चालली होती.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी दिसल्या त्या मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त लक्षात राहिल्या. एक म्हणजे दाराशी ठेवलेल्या बाहेर जायच्या चपला, त्यांच्यावर धुळीचा एकसारखा थर होता, बोटाने रेघ ओढता येईल इतका. आणि दुसरं, बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या थोडं वर एक काळपट पट्टा. हात टेकत टेकत रोज जायचे त्याचा. हॉलच्या खिडकीकडच्या भिंतीवर मात्र असा पट्टा नव्हता, म्हणजे काका तिकडे जातच नव्हते. घरातल्या घरात त्यांचं जग केवढं उरलंय त्याचा नकाशाच होता तो.

आता मोजमाप. आम्ही लोक वयस्करांची एक छोटी टेस्ट करतो, शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी, तोंडी नाव एसपीपीबी. तीन भाग असतात, तोल, चार मीटर चालणं, आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणं. प्रत्येकाला चार गुण, एकूण १२. काका पाय जोडून दहा सेकंद उभे राहिले, एक पाय थोडा पुढे ठेवूनही दहा सेकंद राहिले, पण एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहायचं म्हटल्यावर चौथ्या सेकंदाला हात भिंतीकडे गेला. तोलाचे ३. चार मीटर चालायला ६.९ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.५८ मीटर, त्याचे २. खुर्चीतून पाच वेळा उठायला २१ सेकंद, त्याचा १. एकूण ६. आठ किंवा त्याच्या खाली आलं की आम्ही काळजीच्या बाजूला धरतो. उजव्या हाताची पकड २२ किलो भरली, पुरुषांमध्ये २७-२८ च्या खाली ती कमी समजतात. वर्षभरात वजन चार किलोने उतरलेलं.

झोपून रक्तदाब १४२/८०, उभं केल्यावर एका मिनिटात ११८/७२. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा जास्त उतरला तर ते लक्षण पडण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं असतं, आणि इथे तर २४ उतरला होता. काकू गेल्यावर झोपेची गोळी सुरू झाली होती ती तशीच चालू होती. हे सगळं लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे लिहून पाठवलं, डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, रक्तदाबाच्या औषधाची मात्रा बदलली, रक्ताच्या तपासण्या केल्या, मन खचलंय का तेही नीट विचारून घेतलं. स्मृती ठीक होती. दोन आठवड्यांत उभं राहिल्यावरची घसरण दहाच्या आसपास आली. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घेतला, रात्रीचा छोटा दिवा लावला. हे घरोघरी करावं लागतंच.

आणि अजून दोन प्रश्नावल्या भरल्या. एक लबेन यांची सहा प्रश्नांची, गेल्या महिन्यात किती नातेवाइकांशी भेट किंवा बोलणं झालं, किती मित्रांशी, मनातलं कुणाशी बोलता येतं, मदतीला कुणाला हाक मारता येते, वगैरे. ३० पैकी १२ च्या खाली आलं की माणूस एकटा पडायचा धोका आहे असं धरतात. काकांचे ७. दुसरी, गेल्या चार आठवड्यांत माणूस कुठवर गेला त्याची, दुसऱ्या खोलीत, दाराबाहेर, आसपास, गावात, गावाबाहेर, किती वेळा आणि कुणाच्या आधाराने. १२० पैकी १७ आले, तेही त्या महिन्यात मदतीने एकदा डॉक्टरांकडे गेले होते म्हणून, नाहीतर ८.

आणि इथे माझी चूक झाली ती सरळ सांगते. सात आणि सतरा हे आकडे मी फाइलमध्ये लिहिले आणि उपचार मात्र फक्त एसपीपीबीच्या सहाच्या आकड्यावर सुरू केले. एकटेपणा ही 'सामाजिक बाजू' म्हणून एका ओळीत नोंदवली, खाली लिहिलं 'मुलगी रोज फोन करते, कुटुंबाचा आधार चांगला' आणि पुढे गेले.

आठ आठवडे आठवड्यातून तीनदा जायचे. खुर्चीतून उठणं-बसणं, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका रेषेत पावलं टाकणं, पायाला वजनाचा पट्टा बांधून गुडघा सरळ करणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. या वयात स्नायू वाढत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, १९९० मध्ये ८६ ते ९६ वयाच्या लोकांना आठ आठवडे जोरकस वजनाचे व्यायाम दिले होते आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. माणसं थोडी होती त्या अभ्यासात पण पुढे मोठ्या अभ्यासांतही दिशा तीच राहिली. काकांचंही तसंच झालं. आठव्या आठवड्याला खुर्चीची वेळ १६.२ सेकंदांवर आली, चालणं ६.० सेकंदांवर, तोल तसाच. एसपीपीबी ८. एका गुणाचा फरकसुद्धा रोजच्या जगण्यात जाणवण्याइतका असतो, इथे दोन होते, मुलगी खूश, मी खूश.

मग माझ्या घरच्या अडचणीमुळे तीन आठवडे मला जाता आलं नाही. व्यायामाचा तक्ता भिंतीला लावून दिला, रोज खूण करायची. परत गेले तर तक्ता कोरा. एकही खूण नाही. खुर्ची १८.९, चालणं ६.५, पुन्हा एकूण ६. आणि चपलांवर धूळ तशीच, म्हणजे त्या आठ आठवड्यांत पाय सुधारले तेव्हासुद्धा काका एकदाही स्वतःहून दाराबाहेर गेले नव्हते आणि मी ते बघितलंच नव्हतं.

मी जरा नाराजीनेच विचारलं, "काका, एवढं छान चाललं होतं, का नाही केलं?"

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही यायचात म्हणून करत होतो."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात नाही म्हटलं, माहिती दिल्यासारखं म्हटलं. पण मला घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. आठवड्यातून तीनदा कुणीतरी बेल वाजवतं, पाऊण तास समोर बसतं, नावाने हाक मारतं, मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवतं. माझ्या फाइलमध्ये त्याला व्यायामाचं सत्र असं नाव होतं. काकांच्या लेखी ती भेट होती. ताकद व्यायामाने आली यात शंका नाही, पण व्यायाम कशाने होत होता तर भेटीने, आणि भेट थांबली तसा व्यायाम थांबला.

एकटेपणाचा आणि पायांचा संबंध काय असतो ते मला वाचून माहीत होतं, समोर दिसल्यावर नीट कळलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक म्हणजे माणसं मोजून कमी असणं आणि दुसरं म्हणजे एकटं वाटणं, चार माणसांच्या घरातही एकटं वाटू शकतं आणि एकट्या राहणाऱ्याला काहीच वाटत नाही असंही असतं. शरीरावर दोन्हींचा परिणाम दिसतो. अमेरिकेत साठीपुढच्या १६०४ लोकांना सहा वर्षं पाहिलं होतं, तो अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात ज्यांना एकटं वाटत होतं त्यांच्यापैकी २४.८ टक्के लोकांची आंघोळ, कपडे, उठबस अशा रोजच्या कामांतली क्षमता घसरली आणि ज्यांना वाटत नव्हतं त्यांच्यात १२.५ टक्क्यांची. इंग्लंडमध्ये वयस्करांवर वर्षानुवर्षं चालू असलेल्या मोठ्या पाहणीतूनही २०१७ मध्ये हेच पुढे आलं की एकटं पडलेल्यांचा चालायचा वेग जास्त उतरतो. आणि उलट बाजूही खरी आहे, पाय गेले की माणसं तुटतात. मग अजून पाय जातात.

हे घडतं कसं, तर त्यात फार गूढ काही नाही. कुणी येणार असेल तर माणूस उठून दार उघडतो, कपडे बदलतो, खुर्च्या सरकवतो, पाणी आणायला आत जातो, निरोप द्यायला दारापर्यंत येतो. कुणाकडे जायचं असेल तर जिने, चालणं, वाटेत थांबून बोलताना पाच मिनिटं उभं राहणं. याला कुणी व्यायाम म्हणत नाही पण दिवसभरात याचीच बेरीज असते. माणसं गेली की ही बेरीज शून्यावर येते, आणि म्हातारपणी स्नायू किती भराभर जातो ते बघा, २००७ मध्ये सरासरी सदुसष्ट वयाच्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं होतं तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. काका तीन आठवडे पडून होते आणि नंतर सहा महिन्यांहून जास्त खुर्चीत. त्यात एकट्याने जेवायचं म्हणून जेवण कमी, म्हणून प्रथिनं कमी, झोप तुटक, मनाला उभारी नाही.

आणि व्हिडिओ कॉल? मुलीचा कॉल हा काकांच्या दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता यात वाद नाही, मी त्याच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण त्याच्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत मी लबेनची प्रश्नावली पुन्हा घेतली, पण या वेळी आकडा न लिहिता नावं विचारली. मित्र किती, तर शून्य. मी म्हटलं आधी कोण होतं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "खालचा." खालचा म्हणजे बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारे, त्यांच्याच वयाचे, वीस-बावीस वर्षं दोघं रोज सकाळी एकत्र फिरायला जायचे. मग काय झालं? तर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, त्यांचं एकट्याने बाहेर पडणं थांबलं. काका म्हणाले, "त्याला दिसत नाही, तो वर येत नाही. मी पडल्यापासून खाली जात नाही. त्याला आता नको असेल बोलणं." मी त्यांची परवानगी घेऊन खाली गेले, तर ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी गेल्यापासून तो कुणाशी बोलत नाही हो, म्हणून मीही त्रास देत नाही."

मध्ये अठरा पायऱ्या. नऊ आणि नऊ. नऊ महिन्यांहून जास्त काळ दोघं एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली बसून होते आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यालाच नकोय.

मग प्लॅन बदलला. ध्येय काय लिहिलं, तर 'काका रोज सकाळी दहा वाजता खाली जाऊन मित्राला पेपर वाचून दाखवतील.' मित्राला पेपर ऐकायचा होता, त्यांच्या घरचे सकाळी कामाला जातात, वाचून दाखवणारं कुणी नाही. काकांचे डोळे उत्तम. माझ्या मते या सगळ्या केसमधला कळीचा भाग हाच आहे की काकांना कुणीतरी भेटायला येणार नव्हतं, काकांची कुणालातरी गरज होती. एकट्या माणसाला सोबत मिळवून द्या असं आपण सहज म्हणतो, त्यात तो माणूस कायम घेणाराच राहतो, आणि घेणाऱ्याला 'आज नको' म्हणणं सोपं असतं.

जिना मी आधी स्वतः नीट बघितला. कठडा एकाच बाजूला आणि तो शेवटच्या तीन पायऱ्यांच्या आधीच संपतो, म्हणजे उतरताना जिथे माणूस थकलेला असतो नेमका तिथे आधार नाही. पायऱ्यांच्या कडा आणि पृष्ठभाग एकाच रंगाचे. कठडा पुढे वाढवून घेतला, कडांना जाड पिवळी पट्टी लावली, आणि मजा म्हणजे त्या पट्टीचा उपयोग मित्राला जास्त झाला. दोन जिन्यांच्या मधल्या जागेत एक घट्ट खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांनी हो म्हटलं.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं हे बरेच लोक विसरतात. चढताना दम लागतो म्हणून तेच कठीण वाटतं, पण उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत अंगाचा भार सावरत असतो आणि त्यातच म्हाताऱ्या माणसाचा पाय लटपटतो. म्हणून व्यायामही तसेच बदलले, खुर्चीत बसताना धपकन न बसता चार मोजत हळूहळू बसायचं, एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय खाली टेकवायचा आणि परत वर. जिन्यात आधी एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. पहिल्या दिवशी आम्ही तीन पायऱ्या उतरलो आणि परत आलो. दहाव्या दिवशी काका खालच्या दारात उभे होते.

दार उघडल्यावर दोघं काय बोलले ते मी लिहीत नाही, मी जरा बाजूलाच झाले. एवढं सांगते की त्या दिवशी पेपर वाचलाच गेला नाही.

कानाचं इथेच कळलं. मित्र बोलायचे ते काकांना अर्धं ऐकू येत नव्हतं आणि काका नुसते हो-हो करायचे. माझ्याशी मात्र नीट बोलायचे कारण मी समोर बसून मोठ्याने बोलते, आणि मुलीच्या कॉलला फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला. म्हणून इतके आठवडे मला शंकाच आली नव्हती. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला, तो काढल्यावर बरंच सुधारलं, उरलेल्यासाठी एका कानाला मशीन लागलं. एकट्या पडलेल्या प्रत्येक वयस्कराचे कान आधी तपासावेत असं मी आता आग्रहाने सांगते. माणूस अबोल झालाय असं घरचे म्हणतात आणि त्याला बिचाऱ्याला ऐकूच येत नसतं.

मुलीशी बोलणं हा मला सगळ्यात अवघड भाग गेला. तिला सांगायचं होतं की थोडी कामं बाबांना परत दे. तिने एवढ्या कष्टाने, नोकरी आणि मुलं सांभाळून, रात्री जागून ही व्यवस्था उभी केली होती. मी म्हटलं, औषधं घरपोच न मागवता बाबांना महिन्यातून एकदा कुणाबरोबर तरी दुकानात जाऊ दे, कपड्यांच्या घड्या ताईंनी न करता बाबांनी उभं राहून करू देत, वाण्याची यादी बाबांनी करून फोन बाबांनीच करू दे. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे मीच त्यांना असं केलं का?"

नाही. हे मी तिला तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहिते. बाबा पडले तेव्हा ती व्यवस्था हवीच होती, ती नसती तर काका पुन्हा पडले असते. फक्त पहिल्या दीड-दोन महिन्यांनंतर ती कमी करत आणायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, प्लॅस्टर काढायची तारीख ठरलेली असते तशी मदत काढायची तारीख कुणी देत नाही. ती म्हणाली विचार करते. आठवड्याने तिचाच फोन आला आणि तिने एक गोष्ट सांगितली जी मला सुचलीच नसती.

सगळ्या नातेवाइकांचे, ओळखीच्यांचे नंबर आईच्या फोनमध्ये होते. काकांच्या फोनमध्ये मुलगी, डॉक्टर, ताई आणि बँक एवढेच. वाढदिवस, आजारपणं, कुणाकडे काय चाललंय हे सगळं काकू बघायच्या आणि काका मागून 'विचारलंय म्हणून सांग' म्हणायचे. काकू गेल्या आणि तो फोन कपाटात गेला, बॅटरी संपली, आणि त्याबरोबर पन्नास वर्षांची माणसं बंद झाली. अनेक पुरुषांचं असंच असतं, बायकोच त्यांचा जगाशी दुवा असते आणि ती गेल्यावर दुःख एकीकडे आणि हे तुटणं दुसरीकडे, दोन्ही एकदम येतं.

फोन चार्ज केला. काका त्या दिवशी व्यायामाला बसले नाहीत, मीही म्हटलं नाही. मुलीने कॉलवर राहून एकेक नाव वाचलं आणि काकांनी आपल्या डायरीत स्वतःच्या हाताने एकवीस नंबर उतरवून घेतले. आठवड्याला दोन फोन करायचे एवढंच ठरलं, आणि ते उभं राहून करायचे ही माझी अट.

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात काकांना जिन्याच्या तोंडाशी गरगरलं, पाणी कमी प्यायले होते, उभं राहिल्यावर दाब पुन्हा १८ ने उतरत होता. ते खाली बसले, पडले नाहीत, पण घाबरले आणि परत खुर्चीत गेले. पडण्याची भीती ही पडण्याइतकीच पाय घालवते हे आमच्या क्षेत्रात जुनं ज्ञान आहे. मी समजावलं, मुलीने समजावलं, काही नाही. पाचव्या दिवशी खालून फोन आला, "पाच दिवसांचे पेपर साठलेत, शिळं ऐकायचं का मी?" काका दुसऱ्या दिवशी उतरले. माझ्या समजावण्याने जे झालं नाही ते या एका वाक्याने झालं. याच सुमारास कधीतरी काकांनी मला मॅडम म्हणणं सोडलं आणि "अगं, तू आज उशिरा आलीस" असं सुरू झालं.

सहा महिन्यांनंतरची मोजणी अशी. टाचेला बोटं लावून पूर्ण दहा सेकंद, तोलाचे ४. चार मीटर ५.० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, ३ गुण. खुर्ची १३.४ सेकंद, ३ गुण. एसपीपीबी १०. लबेन १३. वजन दोन किलोने वर, कारण आठवड्यातून तीन-चार वेळा दुपारचं जेवण खालीच होतं. घराबाहेरच्या वावराचा आकडा १७ वरून ३३ झाला, हा अजूनही कमीच आहे, काका काठी घेऊन आठवड्यातून दोनदा आसपास फिरतात, त्यापुढे कुणाच्या सोबतीशिवाय नाही. हाताची पकड २२ वरून साडेतेवीस, म्हणजे तिथे विशेष काही नाही. गुडघा दुखतोच. संध्याकाळी दिवेलागणीला त्यांना अजून फार जड जातं, त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही. आणि यातली महत्त्वाची गोष्ट, या सहा महिन्यांतल्या शेवटच्या तीन महिन्यांत मी आठवड्यातून एकदाच जात होते. आठवड्यातून तीनदा जाऊन आठ आठवड्यांत जे मिळालं ते तीन आठवड्यांत गेलं होतं, आणि हे एकदाच जाऊन टिकलं.

श्रेय कशाला द्यायचं? गोळी बंद झाली, कान मोकळे झाले, कठडा वाढला, जेवण सुधारलं, व्यायाम बदलला, मित्र मिळाला, सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे आणि एका माणसावरून नियम काढता येत नाही. ठरवून आखलेले व्यायाम चालतात हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय, अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १६३५ लोकांवरच्या चाचणीत, २०१४ सालची ती, व्यायाम गटातल्या ३०.१ टक्के लोकांची चारशे मीटर चालायची क्षमता गेली आणि नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्या गटातल्या ३५.५ टक्क्यांची. तिथले व्यायाम बऱ्याच प्रमाणात केंद्रावर जाऊन, इतरांबरोबर होत होते हे वाचताना माझ्या नजरेतून पूर्वी निसटलं होतं. फिनलंडमध्ये ७५ च्या पुढच्या, स्वतःला एकटं समजणाऱ्या लोकांचे सात-आठ जणांचे छोटे गट करून आठवड्यातून एकदा, तीन महिने भेटवलं होतं, त्यांना काय आवडतं ते त्यांनीच ठरवायचं, आणि त्या लोकांना आपली तब्येत सुधारल्याचं जाणवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलंय, पण माझ्यासारखीला त्या आकड्यापेक्षा उपयोगी गोष्ट ही वाटते की पहिल्याच भेटीत नावं विचारावीत. माझ्या तपासणीच्या कागदावर आता 'कुटुंबाचा आधार चांगला' ही ओळच नाही, त्याजागी तीन प्रश्न आहेत: आधी कुणाकडे जायचात, शेवटचं कधी गेलात, आणि मध्ये काय येतं, पायऱ्या की कान की डोळे की संकोच.

आता एक नवीन गोष्ट झाली आहे. खालचे मित्र पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या उपचारासाठी मुलाकडे जाणार आहेत, निदान दोन महिन्यांसाठी. एकाच माणसावर सगळं टांगलेलं आहे हे मला आधीच टोचत होतं. फोनवर वाचून दाखवायचं असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय, त्याने मैत्री राहील पण जिना राहणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात काकांबरोबर बसून डायरीतली एकवीस नावं पुन्हा वाचली, त्यातले एक जण तळमजल्यावरच्या बाईंचे भाऊ निघाले आणि त्या बाईंना मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर रोज चालताना कुणीतरी सोबत हवं आहे. काका म्हणाले, "मी सोबत म्हणून कितीसा उपयोगी पडणार?" मग स्वतःच हिशोब केला, तळमजला म्हणजे छत्तीस पायऱ्या. सोमवारपासून जाऊन बघतो म्हणालेत, मी पहिल्या दोन दिवशी जिन्यात थांबणार आहे.